बडीशेपेची पुडी

दीव, २७ मे

सौ. कांचनला, समुद्राकाठून खूप खूप आठवण.

फोनवर बोलताना तुला धाप लागते, म्हणून लिहितोय. माझ्याबरोबर आलेले जगदीशभाई आजच घरी बडोद्याला निघालेत, त्यांच्या हाती पत्र देतो. मीही निघालो असतो, पण रविवारपर्यंत राहायची शपथ घातलीस ना तू!

इथे मजेत आहे. दरवर्षीचाच वाळूवरचा बार, त्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्या. भरतीला पाणी पायापर्यंत येतं. पाऊस तोंडावर आलाय, म्हणून पुढच्या आठवड्यात छप्पर उतरवणार आहेत. मी एकच बिअर घेऊन बसतो, ती हातातच गरम होते.

आपली मनाली पेज वेळेवर देते ना? दोन घास जातात का?

पंचवीस वर्षं मी इथून बडीशेप चघळत घरी आलो आणि पंचवीस वर्षं तू दारातच ‘तोंड उघडा’ म्हणून मला पकडलंस. काल सवयीनं पुडी घेतली. मग आठवलं, औषधं सुरू झाल्यापासून तुला कसलाच वास येत नाही.

पुडी तशीच खिशात आहे. रविवारी दारापर्यंत येऊ नकोस, पलंगावरूनच ‘तोंड उघडा’ म्हण. आणि खोटं का होईना, माझ्यावर ओरड.

तुझाच,
लक्ष्मण