मायनस अठरा आणि जावईबापू

२८ एप्रिल, सोमवार. अंबड.
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
राधेश्याम शेठ म्हणले, राजानंद, तुला थंडीची गाडी देऊन पाहतो. तीन खेपा. जमलं तर गाडी कायमची माझ्याकडं. बियाण्याच्या पोत्यांचा साधा कंटेनर बावीस वर्षं चालवला, याला काय वेगळं लागतं? स्टेअरिंग तेच, रोड तोच.
साडू भागवत त्याच शेठकडं तीन वर्षांपासून थंडीची गाडी चालवून राह्यला. तेव्हापासून सासरवाडीत त्याला खुर्ची, मला सतरंजी. आता बराबर करतो.

३० एप्रिल.
ट्रेनिंग. मालाभोवती हवा फिरली पाहिजे, थंडीचं मशीन बंद करायचं न्हाई, दार फक्त पार्टीच्या गोदामात उघडायचं. एवढ्यासाठी अर्धा दिवस! बाकीचं डोळे मिटून ऐकलं, तसं जास्त लक्षात राहतं.
भागवतनं फोनवर परत तेच सांगितलं. मी म्हणलं, हो गुरुजी. कट केला.

२ मे, सकाळी ७.
पहिली खेप. आइस्क्रीम, जालना ते सोलापूर, मायनस अठरा डिग्री. हमालांना म्हणलं, पार छताला टेकवा, फट ठेवू नका. माल भरण्यात आपलं नाव आहे. सुपरवायझरनं अर्धा माल खाली उतरवला. म्हणे हवेला जागा पाहिजे. दीड तास उशीर, बिलकुल त्याच्यामुळं.
संध्याकाळी: माल बराबर पोचला. माझ्यामुळं.

६ मे.
दुसरी खेप. मशीनचा आवाज म्हणजे डोक्यामागं पिठाची गिरणी. दुपारी गेवराईच्या पुढं जरा डोळा लावायचा होता, म्हणून बंद केलं. घरी लाईट गेली तरी फ्रिज चार तास थंड राहतो, हा तर केवढा मोठा फ्रिज. पंधरा मिनिटं पडलो. उठलो तर दोन तास. चालू केल्यावर लाल दिवा पेटून ओरडायला लागला. सगळी बटनं दाबली, गप्प झाला. दुरुस्ती पण येते आपल्याला.
सोलापुरात पार्टीचा माणूस जेवायला निघाल्ता, न बघताच सही केली. नशीब मेहनत करणाऱ्याचंच.
संकल्प: मशीन बंद करणार न्हाई.

८ मे.
रविवारी बायकोच्या चुलतभावाचं लग्न, अंकुशनगरला. त्याच दिवशी तिसरी खेप. साधना म्हणाली, मी एसटीनं जाते, तुम्ही वाट वाकडी करू नका. पोत्यांच्या गाडीवर पंधरा-पंधरा दिवस बाहेर असता, या गाडीमुळं दुसऱ्या दिवशी घरी येता, मला बरं वाटतं. तेवढी खेप नीट करा.
शब्द दिला. वाट वाकडी करणार न्हाई.

११ मे, रविवार, दुपारी ४. बीडच्या अलीकडं.
वाट वाकडी केली न्हाई. मंडपच रोडला होता.
पाच मिनिटं थांबलो. त्रेचाळीस डिग्री. सासूबाई, म्हणजे चतुराबाई, पदरानं वारा घेत आल्या. म्हणाल्या, जावईबापू, बघू द्या की तुमची थंडी. अठरा वर्षांत पहिल्यांदा बापू! न्हाई कसं म्हणावं? मागच्या दाराचा एक पल्ला उघडला. सासूबाईंमागं त्यांच्या बहिणी, मंग विहीणबाई, मंग नवरदेवाचा मामा. त्याला चक्कर येत होती, माणुसकी म्हणून दुसरा पल्ला उघडला. शेवटी नवरा-नवरी, फोटोसाठी. मागं पांढरी वाफ, लई झकास. टॉवेल-टोपी झाली. खुर्ची मिळाली.
भागवत पळत आला, दार लावा म्हणून ओरडला. जळतो बिचारा. साधना लांबून बघत होती. अभिमान वाटला असेल.
सव्वा तास गेला. पण मशीन चालूच ठेवलं. संकल्प म्हणजे संकल्प.

१२ मे. सोलापूर.
पार्टीनं कप उघडले. वर बर्फाचे खडे, खाली गोड पाणी. माल परत. मी म्हणलं, चव तर तीच आहे. कुणी हसलं न्हाई.
मंग त्यांनी मशीनमधून कागद काढला. दर पाच मिनिटाला आत किती डिग्री, सगळं छापून. लग्नाचा सव्वा तास. मेमरीत मागची खेप पण निघाली, गेवराईचे दोन तास. म्हणजे ते यंत्र पण रोजनिशी लिहून राह्यलं, अन् माझ्यापेक्षा खरी. हे मला ट्रेनिंगमध्ये सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असेल कदाचित.

१४ मे. अंबड.
शेठ ओरडले न्हाईत. त्याचीच भीती वाटली. म्हणले, पोत्यांची गाडी दुसऱ्याला दिली, तुला आता काय देऊ? मंग म्हणले, भागवतनं तुझ्यासाठी शब्द टाकला. सहा महिने त्याच्या शेजारी बसायचं. शिकायचं. दाराची चावी त्याच्याकडं.
हो म्हणलं. एकटा असतो बिचारा, सोबत होईल.
घरी येऊन साधनाला सांगितलं, बघ, भागवतला माझी किंमत कळली. ती कणीक मळत होती. म्हणाली, मंडपात दाजींना दार लावायला मीच पाठवल्तं. काल त्यांच्या घरी हात जोडायला पण मीच गेल्ते.
लाज वाटली, खरंच वाटली.
सकाळी सहाला निघायचं. डबा दोघांचा आहे. साधना म्हणाली, आधी दाजींना वाढा.