नातीचा आकडा, मावशीचं कार्ड

आई, पहिली आली ती नातीच्या कॉलेजातली मोठी बाई, प्रिन्सिपॉल. चार वाजले असतील. मी गॅलरीत कुरडया उलटत बसले होते, तर खाली रिक्षा थांबली आणि ही उतरली, खांद्याला पर्स नाही, हातात नुसती एक फाईल. बाई पर्स न घेता कुणाच्या घरी जाते ती गप्पा मारायला जात नाही, हे मला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं. मागनं मोटारीतून दोन साहेब आले. एक चष्मेवाला, गोड बोलणारा, आणि एक वयस्कर, तो शेवटपर्यंत तोंडातून शब्द काढीना, नुसतं ऐकत होता. ते जिना चढून दुसऱ्या मजल्यावर येईतोवर मी नातीला हाक मारली, तर ती आतल्या खोलीत शिरली आणि दार लोटता लोटता म्हणाली, "आज्जी, मी घरात नाही. मोहोळला गेलीय म्हणून सांग."

तुला ही नात माहीत नाही. तू गेलीस तेव्हा हिचा बाप चड्डीत होता. तुझी पणती लागते ती, आणि कपाळ अगदी तुझं घेतलंय. कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, पण अजून कायम नाही, दर वर्षी नवीन ऑर्डर. आम्ही दोघी सोलापुरात, जुळे सोलापूर म्हणतात त्या नव्या वस्तीत राहतो, तिच्या फ्लॅटमध्ये. चादरींच्या कारखान्यात रंगखात्यातून लाल-निळं पाणी गटारात जातं ना, ते चिंचोक्याच्या भुकटीतून गाळलं की निवळतं, असं तिनं शोधून काढलंय. ते चिंचोके मी भाजून दिले, माझ्या मिक्सरची दोन भांडी त्यात गेली. तीन वर्षं आमच्या ओट्यावर रंगीत पाण्याच्या बाटल्या होत्या, सणाला पुरणपोळी करायला जागा नव्हती. मग तिनं लेख लिहिला आणि तो परदेशात छापून आला. मला वाटलं झालं. पण झालं नव्हतं. ह्यांच्यात नुसतं लिहून भागत नाही, दुसऱ्यांनी त्यांच्या लेखाखाली हिच्या लेखाचं नाव घ्यायला लागतं, आणि किती जणांनी घेतलं ते कॉम्प्युटर मोजतो. तिच्या चिंचोक्यांचं नाव तीन वर्षांत दोघांनी घेतलं. त्यातली एक ती स्वतःच.

त्यावरून माणसाचा एक आकडा काढतात. तिनं मला समजावून सांगितला. दहा लेख असे पाहिजेत की प्रत्येकाचं नाव निदान दहा जणांनी घेतलंय, मग आकडा दहा. एकच लेख शंभर जणांनी वाखाणला तरी उपयोग नाही. म्हणजे एक लेक गुणाची निघून भागत नाही, दहाच्या दहा गुणाच्या निघायला पाहिजेत. कायम करायच्या मुलाखतीत आधी तो आकडा बघतात म्हणे. तर दोन वर्षं तो एकावरच बसलेला, आणि मग असा चढायला लागला की विचारू नकोस. सकाळी चहा देताना मी विचारायची, "आज किती झाला गं?" आणि ती हसून सांगायची. आकड्याच्या त्या चढत्या रेघेचा कागद तिनं छापून आणला होता, तो मी फ्रेमवाल्याकडून काचेत बसवून घेतला आणि देवाशेजारी लावला. शेजारणीला बोलावून दाखवला. खोटं कशाला बोलू, तिच्या लग्नात मी एवढी मिरवले नसते.

तर ती माणसं आली. "मॅडम आहेत का, आजी?" मोठ्या बाईनं विचारलं. मी म्हटलं, "न्हाय की, मोहोळला गेलीय, नात्यातलं लगीन हाय." बाईनं दाराशी बघितलं. नातीची रोजची चप्पल तिथंच होती, वर स्कूटीची किल्ली. तरी बाई आत आली, बसली. घरी आलेल्याला तसंच कसं पाठवायचं, मी पोहे टाकले.

चष्मेवाला फ्रेमसमोर उभा राहिला. "वा," म्हणाला, "आजी, नात फार लिहिते हो तुमची." आणि फोन काढून त्यानं फ्रेमचा फोटो घेतला. मला इतकं बरं वाटलं, आई.

"लई लिवते. सव्वीस झाले की."

"एका वर्षात?"

"वर्ष कुठलं, दिवाळीपासनं. मासळीवरचा बी एक हाय, कोकणातल्या. आणि आमच्या घरात मासळीचा वास आला तरी हिला उलटी होती बघा."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, चकित झाले. चष्मेवाला अजूनच मऊ आवाजात म्हणाला, "एवढं सगळं एकटीनं कसं जमतं पण?"

"एकटीला कसं जमंल? आठ जणं हायत. एकानं लिवलं की वर बाकीच्या सातांची नावं घालायची, आणि खालच्या यादीत बी एकमेकांचीच घ्यायची. आज हिचं, उद्या त्याचं. कुणी कुणाला उपाशी ठेवत न्हाय."

मोठ्या बाईनं पोह्यांची ताटली खाली ठेवली. वयस्कर साहेबानं खिशातून छोटी वही काढली आणि लिहायला लागला. "सावकाश सांगा, आजी," चष्मेवाला म्हणाला. मग मी सावकाश सांगितलं. ग्रुपवर कसा निरोप येतो, कुणाची पाळी कधी, सगळं. आणि त्यांना नीट समजावं म्हणून तुझंच उदाहरण दिलं, विडीच्या कार्डाचं. नातीलाही मी तेच म्हटलं होतं, तेव्हा ती हसली होती.

पण कार्डाचं सांगता सांगता माझी जीभ जड झाली, कारण सगळं पुढचं आठवलं. तुझ्या नावावर कार्ड नव्हतं, आणि कार्ड नसलेल्या बाईच्या विड्या कारखाना घेत नसे. शेजारच्या मावशीच्या एका कार्डावर चार घरच्या बायका विड्या वळायच्या, आणि मावशी सगळ्यांच्या जुड्या एकाच टोपलीत घालून कारखान्यात नेऊन द्यायची. मी सात वर्षांची, टोपलीला हात लावत तिच्यासंगं निघालेय. खिडकीत तपासणारा बसलाय. म्हणतो, "एका बाईच्या हातून एवढ्या विड्या?" मावशी म्हणते, "हात चालतो माजा." तो एक जुडी उचलतो, उलटीसुलटी करतो आणि माझ्याकडं बघून हसतो. "गाठ काय सुबक आहे गं." तू दोरा दोनदा फिरवून टोक आत दडपायचीस, तशी गाठ कुणालाच यायची नाही. मी टाचा उंच करून म्हणते, "ती माज्या आईची हाय. सगळ्यांत चांगली गाठ माज्या आईची."

मावशीचं कार्ड गेलं. महिनाभरात ती पोरं घेऊन मोडनिंबकडं शेतमजुरीला गेली, पुन्हा दिसली नाही. तू मला मारलं नाहीस. चुलीपुढं बसून भाकरी थापत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "कौतुक घरात करावं. दारात करू नये." आणि पुढं दुसऱ्या एका कार्डावर वळायला लागलीस तेव्हा तुझी ती गाठ तू सोडून दिलीस. चारचौघींसारखी बांधायला लागलीस. ते मी बघितलं होतं. बोलले कधी नाही.

तर मी गप्प झाले. पण तोवर वहीचं पान भरलं होतं. मोठ्या बाईनं फाईलमधून बंद पाकीट काढलं. "हे मॅडमना द्या, आजी. मिळालं म्हणून इथं सही करता?" मी केली. तू आयुष्यभर अंगठा उठवलास, म्हणून मला पाटी घेऊन दिलीस आणि तिसरीपर्यंत तरी शाळेत धाडलंस. तर बघ, सही माझी अजून सरळ रेघेत येते.

ती माणसं गेली, आणि आतलं दार उघडलं. खोलीचं दार ते केवढं, पोह्याला फोडणी दिली तरी आत ऐकू जातं. मला वाटलं ही ओरडेल. तिनं ताटल्या उचलल्या, सिंकमध्ये ठेवल्या आणि म्हणाली, "मीठ जास्त पडलं होतं का गं? संपवले नाहीत त्यांनी."

मग तिनं पाकीट फोडलं, उभ्या उभ्या वाचलं. मी विचारलं, "काय म्हणत्यात?"

"चौकशी बसवलीय. सगळ्या लेखांचं मूळ काम दाखवा म्हणतात. वह्या, नोंदी. नाही दाखवता आलं तर लेख मागे घ्यायला लावतील. मुलाखत नाही. बहुतेक कॉलेज पण नाही."

"आणि चिंचोक्यांचा? तो तर खरा हाय की. मी भाजलेत चिंचोके."

"सगळ्या लेखांवर नाव एकच ना, आज्जी, माझंच. कोण मानणार आता तो खरा म्हणून?"

असं म्हणून तिनं देवाशेजारची फ्रेम काढली आणि भिंतीकडं तोंड करून कपाटामागं ठेवली. खिळा तसाच आहे. चार दिवस झाले, ती जेवते, झोपते, माझ्याशी नीट बोलते, मला एका शब्दानं बोल लावत नाही. फोन वाजतो तो ती उचलत नाही. बाकीचे सात असतील. तिच्या जुन्या बाटल्या तिनं माळ्यावरनं काढून ओट्यावर ओळीनं मांडल्यात, त्यातला रंग केव्हाच उडून गेलाय. त्या पुसत बसते.

हे मी तिच्याच छापील कागदांच्या मागच्या बाजूला लिहितेय. पलीकडून नावं उमटलेली दिसतात, तिचं आणि आणखी सातांचं. तुला कुठं धाडणार, लिहून झालं की ज्वारीच्या डब्याखाली घालीन, तिथं तिचा हात जात नाही. पण एवढं तरी तुला सांगून ठेवते. साहेब लिहून घेत होता तेव्हा मला मावशी आठवली, तुझी चूल आठवली, जीभ जड झाली, हे सगळं खरं. पण त्याच्या आधी, आई, फार बरं वाटत होतं. ह्या वयापर्यंत माझं बोलणं कुणी वहीत उतरून घेतलं नव्हतं. निघताना चष्मेवाला म्हणाला, "आजी, परत येऊ तेव्हा तुम्हीही बसा आमच्याबरोबर." मी बसू नये हे मला कळतं. तरी जांभळी साडी काढून मी उशीखाली घडी करून ठेवलीय. बुधवारी, अकरा वाजता येतो म्हणालेत.