एकीने वाचायचं, एकीने लिहायचं

२२ मार्च २००४, सोमवार
मोठ्या बाईंनी मीटिंग घेतली. यंदापासून वार्षिक निकाल कॉम्प्युटरवर. गुण आपापल्या वर्गशिक्षकाने भरायचे. बेरीज, टक्के, नंबर सगळं तोच काढणार. "दोघींचं काम आता एकटीने होईल, बघा!" टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. डिमेलोबाईंनी वाजवल्या.

इतकी वर्षं एप्रिलमध्ये आम्ही दोघी समोरासमोर बसतो. आधी माझी सातवी ब, मग त्यांची सहावी अ. एकीने नाव आणि गुण वाचायचे, दुसरीने लिहिता लिहिता परत म्हणायचे. मधे चहा, पोरांच्या कुचाळक्या, घरचं सगळं. वर्षभराचं बोलणं तेव्हाच व्हायचं. ते कोणत्या रकान्यात भरायचं?

२७ मार्च, शनि.
कॉम्प्युटरच्या खोलीत शिकवणी. चपला बाहेर. शाळेतला एकुलता एसी तिथे. पोरं घामाने निथळली तरी चालतं, यंत्राला गरम होता कामा नये. माउस सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेला, पुढे कुठे न्यायचा कळेना. उचलून परत मागे ठेवायचा म्हणे.
शेजारी डि.बाई पटापट शिकल्या. "सोपं आहे ओ बाई, तुमी उगाच घाबरता."
घाबरत नाही. नकोय मला. एवढं त्यांना तरी कळायला हवं होतं.

३१ मार्च, बुध.
गणिताचा पेपर. माझ्या वर्गातल्या रेश्माचा बाक रिकामा. तिची आई पहाटे गेली. सुटल्यावर डि.बाई आणि मी आचोळ्यात तिच्या घरी गेलो. पोरगी भिंतीला टेकून बसलेली. डि.बाईंनी तिला जवळ घेतलं. 

३ एप्रिल, शनि.
परीक्षा संपली. कॉम्प्युटर कमी, म्हणून पाळ्या लावल्या. डि.बाई सकाळी, मी दुपारी. सकाळ त्यांनीच मागून घेतली, दुपारी निर्मळच्या वाडीला पाणी सोडायचं असतं. मला विचारलंसुद्धा नाही. मीही काही बोलले नाही.
जिन्यात भेट. "जेवलात?" "हो." "येते मग."

८ एप्रिल, गुरु.
अर्धा वर्ग भरून झाला आणि लाइट गेली. सगळं गेलं. सेव्ह करायला हवं होतं म्हणे. वीज गेली म्हणून कागदावरची शाई पुसली गेलेली कुणी पाहिली आहे? बसून राहिले तशीच.
उद्या गुड फ्रायडे. मग सोमवारपर्यंत घरात आवाज करणारा एकच, कुकर.

११ एप्रिल, रवि.
ईस्टर. दरवर्षी डि.बाईंकडे जेवायला असते. यंदा बोलावणं आलं नाही. तसं कधीच नसायचं, मी आपली जायचे. यंदा गेले नाही. त्यांनी वाट बघितली असेल का?
संध्याकाळी प्रशांतचा पुण्याहून फोन. "आई, कॉम्प्युटर शिकतेस? मस्त! मग आता ई-मेलच करत जाऊ."
म्हणजे हाही आवाज गेला.

१५ एप्रिल, गुरु.
भरून झालं एकदाचं. छापील निकाल हातात. सुबक आहे, खोटं कशाला बोलू. खोलीत कुणी नव्हतं. सवयीने मोठ्याने वाचायला लागले. नाव, गुण, मग थांबायचं. समोरून काही आलं नाही, की पुढचं नाव.
रेश्मा पाटील. गणित, शून्य.
जीभच उचलेना. मी तो रकाना मोकळा सोडला होता, यंत्राने शून्य धरलं. खाली 'नापास'. डि.बाई समोर असत्या तर नाव ऐकूनच हात धरला असता माझा. आणि मी? भरताना मी नावं वाचतच नव्हते, नुसते रकाने बघत होते. फार रडू आलं. रेश्मासाठी की माझ्यासाठी, कुणास ठाऊक.

१६ एप्रिल, शुक्र.
मोठ्या बाईंना दाखवलं. "बरं झालं पाहिलंत. तिचा पेपर पुन्हा घेऊ." दुरुस्त झालं. म्हटलं, सगळेच वर्ग दोघींनी मिळून मोठ्याने वाचून काढूया. "आता कशाला, बाई? डिमेलोबाईंनी तर निकाल केव्हाच दिलाय." सोमवारी निकालांवर सह्या.

१७ एप्रिल, शनि.
डि.बाईंना फोन केला. तीनदा नंबर फिरवून ठेवला, मग केला.
"मी बोलतेय."
पलीकडून, "ईस्टरला ताट वाढून ठेवलेलं तुमचं."
मी रेश्माचं सांगितलं. म्हटलं, "तुमची सहावी कुणी वाचली का मोठ्याने?"
"नाय. कोण वाचणार?"
"उद्या असाल घरी?"
"चर्चमधल्या मिस्साहून यायला उशीर होतो." ठेवला.
या म्हणाल्या नाहीत. नको असंही म्हणाल्या नाहीत. मी कधी बोलावण्यावरून गेलेय!
सातवीची छापील प्रत पिशवीत घातली, सहावीची त्यांच्याकडे असेलच. दोन पेनं घेतली. लिहायचं आता काहीच नाही, नुसतं वाचायचंय. तरी असू देत.