महिन्याचं की कायमचं

मी, श्रीमती संजीवनी मधुसूदन केळुस्कर, वय वर्षे शहात्तर, निवृत्त, मूळची पुण्याची, हल्ली मुक्काम मुलाकडे, बुकित पंजांग, सिंगापूर, हा कागद स्वतःच्या हाताने आणि कोणी न सांगता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मागच्याच आठवड्यात पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. त्या पासष्टला थांबा म्हणाल्या, मी दोनपर्यंत गेले.

जून २०१६ मध्ये पुण्यात वकिलांकडे केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. रद्द करण्याचे कारण द्यावे लागत नाही, असे वकील फोनवर म्हणाले. कायद्याला द्यावे लागत नसेल. मुलांना द्यावे लागते. ते कलम चारमध्ये आहे.

कलम १. दागिने. दोन पाटल्या सून वल्लरी हिला. मोहनमाळ नात इरा हिला, ती घालो न घालो. मोत्यांची नथ माझ्याकडे नाही. ती १९९१ साली माझ्या धाकट्या जाऊबाईंनी एका मुंजीसाठी नेली आणि पुढे हरवली म्हणून सांगितले. जाऊबाई आता हयात नाहीत. त्यांच्या मुलांकडे कोणी विषय काढू नये. मात्र नथ हरवली नव्हती, एवढे येथे नमूद करते. पुढच्या वर्षीच्या एका लग्नाच्या फोटोत ती त्यांच्या नाकात आहे.

कलम २. पुण्याच्या बँकेतील ठेवी आणि पेन्शनची शिल्लक. माझे औषधपाणी आणि शेवटचा खर्च भागवून जे उरेल ते मुलगा विक्रांत आणि मुलगी अनघा यांनी निम्मेनिम्मे घ्यावे. यावर कोणाचा वाद होईल असे वाटत नाही.

कलम ३. भांडी. चकलीचा सोऱ्या आणि पुरणयंत्र मी पुण्याहून हातातल्या पिशवीत आणले होते. इराला विचारले तर ती इथल्या सवयीने शेवटी 'ला' लावून म्हणाली, "आजी, चकली तर शॉपमध्ये मिळते ला." मग मनात आले, शेजारच्या प्रणिताला द्यावे, ती दोन्ही वापरते. पण ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. तेव्हा दोन्ही वस्तू वल्लरीकडे राहाव्यात आणि प्रणिताने मागून न्याव्यात, जशी आताही नेते.

कलम ४. कर्वेनगर, पुणे येथील दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचा फ्लॅट, जो माझ्या एकटीच्या नावावर आहे. आधीच्या मृत्युपत्रात तो मी संपूर्णपणे अनघाला दिला होता आणि विक्रांतचे नाव वगळले होते. त्याचे कारण असे.

२०१६ च्या मार्चमध्ये आम्ही चोआ चू कांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आमचे हे जाऊन चार वर्षे झाली होती, मी इथे येऊन दोन. मराठी मालिका इथल्या घड्याळाप्रमाणे दहा-साडेदहाला लागत आणि मी साडेनऊला झोपते. म्हणून विक्रांतने रेकॉर्डर घ्यायचे कबूल केले होते. मालिका त्यात आपोआप साठून राहणार आणि मी त्या दुसऱ्या दिवशी दुपारी बघणार.

एका शनिवारी आम्ही तिघे दुकानात गेलो. यंत्र घेतले तरी त्याची वर्गणी वेगळी होती. दर महिन्याला भरा, नाहीतर एकदाच भरा आणि कायमचे मोकळे व्हा. दुकानातले चिनी गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "आंटी, लाइफटाइम बेटर ला. वन टाइम पे, फिनिश." दीड वर्षापेक्षा जास्त वापर असेल तर कायमची स्वस्त पडते, हे मी मनात मांडून पाहिले. विक्रांत इंजिनिअर. त्याला ते न कळण्यासारखे नव्हते. तो वल्लरीकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "किती दिवस राहणार, काही नक्की नाही. महिन्याचंच घेऊ."

वल्लरीने खाली पाहिले.

त्याच जानेवारीत माझी अँजिओप्लास्टी झाली होती. मी दोन हातांवर उभी होते. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षे ऑपरेटर म्हणून काढलेल्या बाईला हळू बोललेले ऐकू येत नाही, असे त्याला वाटले असेल तर तो त्याचा गैरसमज होता. मी शब्द बरोबर ऐकले. वाक्यात कर्ता नव्हता. तो मी घातला.

घरी आल्यावर काही बोलले नाही. सोमवारपासून विक्रांतचा डबा करणे बंद केले. मी आल्यापासून रोज सकाळी पोळी-भाजीचा डबा देत होते. त्याने विचारले, "आई, बरं नाही का?" मी म्हटले, "बरी आहे." दुसऱ्या दिवशी त्याने विचारले नाही. पुढे तीन महिने मी त्याच्याशी हो आणि नाही, एवढेच बोलले. तो सकाळी बॅग घेऊन निघे, संध्याकाळी येई. रेकॉर्डर मी दुपारी लावत होते. यंत्राशी माझे भांडण नव्हते.

जूनमध्ये पुण्याला गेले तेव्हा वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, "मुलाला काहीच नाही? नक्की?" मी म्हटले, "नक्की." सही त्याच दिवशी केली, हेही लिहून ठेवते.

नंतर राग विरला. विरला म्हणजे त्याच्याशी बोलणे सुरू झाले, मी परत आले, विक्रांतला २०१९ मध्ये पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळाली, हा बुकित पंजांगचा फ्लॅट झाला. डबा मात्र मी पुन्हा सुरू केला नाही आणि मृत्युपत्र बदलले नाही. महिन्याची वर्गणी विक्रांत भरत राहिला.

गेल्या नोव्हेंबरात कंपनीने ती सेवाच बंद केली. रेकॉर्डरवर लाल दिवा लागून राहिला. स्वयंपाकघरात मी वल्लरीला म्हटले, "महिन्याचं घेतलंत ते शहाणपणाचंच झालं. मी किती दिवस राहणार, नक्की नव्हतं ना."

तिने गॅस बंद केला. "आई, ते तुमच्याबद्दल होतं असं वाटलं तुम्हाला?"

"मग कोणाबद्दल?"

"आमच्या सगळ्यांबद्दल. दुकानात गेलो त्याच्या आधीच्या मंगळवारी त्याची नोकरी गेली होती."

मग तिने उभ्या उभ्या सांगितले. कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला होता. दोन महिन्यांची नोटीस, पण दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला यायचे नाही. त्याच्या नोकरीच्या पासावर आम्हा सगळ्यांचे इथे राहण्याचे पास. नोटीस संपून पास रद्द झाला की महिन्याभरात इरासकट सगळ्यांना सामान बांधावे लागले असते. तो रोज सकाळी बॅग घेऊन लायब्ररीत जाऊन बसे आणि अर्ज करत राही. मला सांगायचे नाही, असे त्याने वल्लरीला बजावले होते. नुकतीच छाती उघडता उघडता वाचली होती माझी.

मी विचारले, "मग रेकॉर्डर घेतलात कशाला?"

"तुम्हाला कबूल केला होता. घेतला नसता तर तुम्हाला शंका आली असती."

"आणि दुपारी जेवायचा कुठे?"

"आधी डबा होता, आई," वल्लरी म्हणाली. "नंतर कधी बिस्किटं, कधी काही नाही. हॉकर सेंटरला स्वस्तातलं जेवायला गेला तर कोणी ऑफिसचं भेटेल म्हणून जायचा नाही."

सातव्या आठवड्यात त्याला दुसरी नोकरी लागली. त्या दिवशी त्याने घरी श्रीखंड आणले होते. ते मला आठवते. मी खाल्ले नव्हते, तेही आठवते.

संध्याकाळी विक्रांत आला. बूट काढत होता तेवढ्यात मी विचारले, "मला का सांगितलं नाहीस?"

कशाबद्दल, हे त्याला वल्लरीच्या चेहऱ्यावरून कळले असावे. तो म्हणाला, "केव्हा सांगणार? तू बोलतच नव्हतीस."

"का बोलत नव्हते, ते विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, कंजूषपणा केला म्हणून रागावलीस. खरं सांगू? त्या वेळी बरंच वाटलं. तू विचारलं असतंस तर खोटं बोलावं लागलं असतं."

एवढे बोलून तो हात धुवायला गेला. मी पाने घेतली. जेवताना इरा तिच्या परीक्षेचे सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो.

सबब या फ्लॅटची व्यवस्था नव्याने करते. अनघाला मी फोन करून सगळे सांगितले. ती म्हणाली, "दादाचं नाव घाल, माझी ना नाही. पण दहा वर्षं त्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीमागे मी धावले, ते कुठे लिहिणार आहेस?" तिचे म्हणणे रास्त आहे. ते येथे लिहिले. फ्लॅटमध्ये अनघाचा हिस्सा नऊ आणे आणि विक्रांतचा सात आणे राहील. लोखंडी कपाट आतल्या साड्यांसह अनघाचे.

विक्रांतला हे आकडे सांगितलेले नाहीत. त्याला फ्लॅट नकोच असेल, असे वल्लरी म्हणते. नको असला तर त्याने तो बहिणीला द्यावा. पण त्याचे नाव कागदावर असायला हवे. मी गेल्या वर्षी गेले असते तर ते नाही हे त्याला वकिलांकडून कळले असते. का नाही, हे सांगायला कोणी उरले नसते, आणि कर्ता त्याने घातला असता.

कलम ५. रेकॉर्डर. कोणाला देण्यासारखा नाही. ब्लॉकखाली ई-कचऱ्याची पेटी आहे, त्यात टाकावा. मी स्वतः टाकणार होते, उचलवला नाही.

कलम ६. अंत्यविधी इथेच करावा. पुण्याला नेण्याचा खटाटोप करू नये. दहावे-बारावे अनघाला हवे असेल तर तिने तिच्या घरी करावे, नको असेल तर कोणी बोल लावू नये.

आणखी एक, जे कलमात बसत नाही. हल्ली विक्रांत ऑफिसातून आला की दिवसभराचे सांगतो. निम्मे मला कळत नाही. "काढून टाकणार म्हणतात," असे परवा तो म्हणाला. मी हातातले निवडणे थांबवून विचारले, "कोणाला?" तो हसला. "अगं, कॅन्टीनमधलं कॉफी मशीन."

वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला आहे. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तेथे आद्याक्षरे केली आहेत. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते.

(सही) संजीवनी मधुसूदन केळुस्कर

साक्षीदार १: (सही) प्रणिता सबनीस, शेजारी
साक्षीदार २: (सही) प्रबोध टिळेकर, कुटुंबाचे स्नेही, राहणार बेडोक

स्थळ: बुकित पंजांग, सिंगापूर
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२६