लवंगेचा वास

३ मार्च, सोमवार

उद्या ताईचं ऑपरेशन. आजाराचं नाव लिहितानाच दम लागतो — डायव्हर्टिक्युलायटिस! मोठ्या आतड्याला फुगवटे येतात म्हणे, ते सुजतात. तिचा एक फुटलाय, आत पू साठलाय. थांबून चालणार नाही.

सर्जन म्हणाले, खराब तुकडा काढून दोन टोकं जोडू. जोड सुटला तर घाण पोटात पसरते, जिवावर बेततं. धोका जास्त वाटला तर जोड न देता शौचासाठी पोटावर पिशवीच लावू. मग धोका किती ते ठरवायला प्रश्न. मधुमेह? नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या? नाही. सिगारेट?

"अहो डॉक्टर, कॉन्व्हेंटची मुलगी आहे मी!" ताई म्हणाली.

सगळे हसले. मी माझ्या चपलांकडे बघत बसले.

ताई कॉलेजपासून ओढते. जेवण झालं की बाथरूमची खिडकी करकरते, आणि जरा वेळाने बाई लवंग चघळत बाहेर येतात — दाढ दुखते म्हणे! मी एकदाही विचारलं नाही. बोर्डिंगमध्ये घरच्या आठवणीने रडायला लागले की हीच मला आपल्या पांघरुणात घ्यायची. आणि चहाडखोर मुलीशी तिथे कुणी बोलायचं नाही.

डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. ते फोनवर होते. परत आले.

४ मार्च, मंगळवार

झालं! जोड दिलाय. पिशवी नाही.

६ मार्च, गुरुवार

सर्जन येतात आणि एकच विचारतात — "वारा सरला का?" ताई चादर हनुवटीपर्यंत ओढते. "नॉट येट, डॉक्टर."

शाळेतल्या मदरनी ऐकलं असतं तर दोघींच्या हातावर पट्टी बसली असती. मी हसले, तीही हसली — पोटावर उशी दाबून. "हसवू नकोस गं चिमणे, उसवेन!"

८ मार्च, शनिवार

ताप. पोट नगाऱ्यासारखं ताठ. नाडी नुसती धावतेय. पोटातल्या नळीतून काल पिवळसर पाणी येत होतं, आज गढूळ. नर्सने बघितलं आणि लगेच फोन उचलला.

ताई थट्टा करत नाहीये. मला त्याचीच भीती वाटते.

९ मार्च, रविवार

जोड सुटला. स्कॅनमध्ये दिसलं. पुन्हा आत नेलं.

थिएटरच्या दारात सर्जनना अडवलं. "ती सिगारेट ओढते. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं —"

"माहीत आहे मला," म्हणाले, आणि दार लागलं.

माहीत आहे? कुणी सांगितलं? बाकावर बसून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. शाळेतली प्रार्थना म्हणायला जाते, अर्ध्यावर विसरते. ती असती तर पुढची ओळ तिनेच सांगितली असती.

१० मार्च, सोमवार

आहे! श्वास घेतेय. आयसीयूत. पोटावर पिशवी.

सर्जन भिंतीला टेकून उभे राहिले. "त्यांनी स्वतःच सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, तुम्ही घरी गेल्यावर. मी पिशवीच लावू म्हणत होतो, पण ऐकेनात. म्हणाल्या, 'धाकटीला माझी घाण काढायला लावू? आणि सिगारेटचं तिच्या कानावर घालू नका हं. तिला मी फार चांगली वाटते.'"

"मी सांगितलं असतं तर?"

"पू होता, सिगारेट होती. हे सगळं त्यांना समजावलं होतं. निर्णय त्यांचा होता."

माझी घाण म्हणे! गोवरात माझ्या उलट्या कुणी काढल्या होत्या? शुद्धीवर येऊ दे, चांगली भांडणार आहे.

१५ मार्च, शनिवार

वॉर्डात आणलं. नर्सने दाखवलं तशी पिशवी मी रिकामी केली. ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"वास येतोय का गं?"

"येतोय की," म्हटलं. "लवंगेचा."