खालच्या पायरीवरून

हैदराबाद, सोमवार

सौ. वैजयंतीस,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

काल विपुलने सगळ्यांना थीम पार्कला नेलं. आतलं अंतर आपल्या शनवारा चौकापासून स्टेशनापर्यंत आहे तेवढं. अर्ध्या तासातच माझे पाय भरून आले. सूनबाई तृप्तीने व्हीलचेअर आणली, तर मी तिच्यावर खेकसलो. "पप्पा, ही तर सामानासाठी घेतली," ती शांतपणे म्हणाली. दुपारपर्यंत खुर्चीत मी होतो आणि सामान माझ्या मांडीवर. पोरगी हुशार आहे, पण तिला सांगू नको.

मंडळी पाळण्यात बसायला गेली की चपला, चष्मे, पिशव्या माझ्याकडे. रांग तासाभराची. नातीने वरून हात हलवला असावा. मला दिसली नाही, तरी मीही हलवला.

तेव्हा तू आठवलीस. इच्छापूरला देवीच्या जत्रेत मी भराभर पायऱ्या चढायचो आणि तू खाली चपला राखत बसायचीस. उतरल्यावर मी म्हणायचो, "थोडा जोर केला असतास, तर दर्शन झालं असतं." किती वर्षं म्हणालो गं!

फोनवर हे बोलवलं नसतं, विपुल जवळच असतो.

गुडघा शेकतेस ना? भाजीला पायी जाऊ नको, रिक्षा कर.

चैत्रात इच्छापूरला जाऊ. पोरं वर जातील. तुझ्याशेजारी पायरीवर माझ्यापुरती जागा धर.

तुझा,
प्रकाश