पाचवा नट

प्रिय भिंगरी,

हे पत्र गाडीच्या किल्लीला दोऱ्याने बांधून शेजारच्या ड्रायव्हरकाकांकडे ठेवतोय. रविवारी तू गाडी न्यायला येशील तेव्हा मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असेन. फोनवर सांगायला गेलो की तू म्हणतेस, बाबा, पुराण नको, मुद्द्याचं बोला. आणि मुद्द्याचं म्हटलं की माझी जीभच वळत नाही. शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस मी, लिहितानाही गडबडतो, पण कागद मध्येच फोन ठेवत नाही. तेव्हा आधी एवढंच ऐक. हे सगळं वाचल्याशिवाय गाडीला किल्ली लावू नकोस. तुझ्या लहानग्या पिल्लूला घेऊन तुला डोंगरातल्या रस्त्याने जायचंय, हे माझ्या डोक्यातून एक क्षण जात नाही.

दौऱ्यावर निघताना तू गाडी आपल्या शेडमध्ये लावलीस आणि नवी चाकं दाखवलीस. रुंद, चकचकीत, आरशासारखी. मी विचारलं, या गाडीला बसतात का गं? तू हसलीस. बसलीत म्हणूनच चालवत आले ना, म्हणालीस. जुनी चाकं मात्र तू डिकीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलीस, भंगारवाल्याला द्या म्हणून. मी दिली नाहीत. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी तुटकी छत्रीसुद्धा टाकत नाही.

तुझ्या आईने आपल्या टायरच्या दुकानात तुझं ते उत्तर एखाद्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं असतं, तर त्याला स्टुलावर बसवून चहा पाजला असता आणि चहा संपेपर्यंत झापलं असतं. भोकं जुळली म्हणजे सोयरीक जुळली का, असं विचारायची ती. मधलं भोक आसाच्या टोकावरच्या हबवर घट्ट बसतंय का, नटाचं बूड चाकाच्या खाचेत पुरतं टेकतंय का, स्टिअरिंग पार वळवल्यावर टायर आत कुठे घासतंय का, भरल्या गाडीचं वजन ते चाक पेलेल का. हे सगळं बघेपर्यंत ती कुणाला दुकानातून हलू द्यायची नाही. मी आपला गल्ल्यावर बसून माणसांची समजूत काढायचो. लोक म्हणायचे, मालक, बाईंना आवरा. मी म्हणायचो, तुम्हीच बघा जमतंय का.

आणि तिची ती पद्धत. चाक बसवलं की छोट्या हातोडीने एकेका नटावर टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायची. घट्ट असला तर टण्ण, सैल असला तर ठप. मग पिवळा खडू जिभेवर ओला करून नटावरून चाकावर एक रेघ ओढायची. नट फिरला तर रेघ तुटते, चटकन दिसतं. पण हे सगळं चारच नटांना. पाचवा हाताने नुसता अडकवून पाना गाडीवाल्याच्या हातात द्यायची. बसणार तो आहे, शेवटचा त्यानेच आवळायचा, म्हणायची. आपल्या जुन्या व्हॅनचा पाचवा नट तुझा असायचा. तू पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहून उड्या मारायचीस आणि ती मागून तुझा फ्रॉक धरून ठेवायची. आठवतं?

तू गेल्यानंतर एका दुपारी मी पेपर चाळत बसलो होतो. ऊन नुसतं भाजत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेडमधून आवाज आला. टण्ण, टण्ण, ठप. मला वाटलं, पत्रा तापून वाजतोय. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. गेलो तर कुणी नाही, शेडचं कुलूप जसंच्या तसं. पत्रा वाजताना असा थांबून ऐकत नाही गं. प्रत्येक टिचकीनंतर जरा थांबल्यासारखं होत होतं.

मी घाबरून ड्रायव्हरकाकांना बोलावलं. त्यांनी आधी माझी भरपूर चेष्टा केली. म्हणाले, भूत आलंय तर पंक्चरही काढून घ्या. मग त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. चाक आत घासून तिथलं प्लास्टिक खरवडलं गेलं होतं. एक नट काढला तर तो चाकाच्या खाचेत नुसत्या कडेवर टेकत होता. खाच गोल, नट निमुळता. मधल्या भोकात तर बोटाचं नख जाईल एवढी फट. त्यांचं हसणं तिथेच थांबलं. म्हणाले, ही दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची चाकं आहेत, हिला बळंच घातलीत. डोंगराच्या वळणावर काय झालं असतं, ते मला सांगायला लावू नका. सकाळी माझा जॅक आणतो, जुनी परत बसवू.

सकाळी ते जॅक घेऊन आले. मी कुलूप काढलं. गाडी जुन्या चाकांवर उभी होती. नवी चारही भिंतीला टेकवलेली, अगदी ओळीने. काका म्हणाले, एवढी घाई कशाला केलीत, या वयात? मी म्हटलं, मला वाटलं तुम्हीच केलंत. माझा हात कपभर चहा धड धरू शकत नाही, तुला माहीत आहे. आई गेल्यापासून तिचा जॅक जिन्याखाली धूळ खात पडलेला असायचा. तो बघितला तर एकदम स्वच्छ, पुसून ठेवलेला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते ऐक. चारही चाकांवर चार-चार नट आवळलेले आहेत आणि त्यांवर पिवळ्या रेघा आहेत. मी एकीला बोट लावलं, ती अजून ओली होती. पाचवा नट प्रत्येक चाकावर नुसता अडकवलेला आहे, आणि पाना ड्रायव्हरच्या दाराशी जमिनीवर ठेवलाय, मूठ तुझ्या बाजूला करून. काका आवळायला वाकले तर मी त्यांचा हात धरला. मीही आवळले नाहीत. ते तुझे आहेत. तेवढे चार आवळ आणि मगच पिल्लूला आत बसव. जोर पुरला नाही तर पान्यावर उभी राहा. आणि मागून कुणी ओढणी धरल्यासारखं वाटलं, तर घाबरून वळून बघू नकोस. काम पुरं कर.

तुझाच काळजीखोर,
बाबा